अरण्यातील भूक : ब्लॅकवुडचा ‘वेंडिगो’ आणि त्याच्या पाठीमागचे भय

भुताच्या गोष्टीला बहुधा एक घर लागते. जुना वाडा, कुलूप घातलेली माडी, पडकी विहीर, नाही तर गावाबाहेरचा पिंपळ, असे एखादे ठिकाण नेमून दिल्यावाचून भूत वस्तीला येत नाही. आणि त्या ठिकाणापासून चार पावले दूर सरले की मनुष्य पुन्हा निर्धास्त होतो. अरण्यातील भयाची तऱ्हा निराळी आहे. अरण्याला भिंत नाही, उंबरठा नाही. तेथे कोठून पळावयाचे आणि कोठे जाऊन सुटावयाचे हेच उमगत नाही. वाड्यातले भूत माणसाच्या मागे लागते. अरण्य मागे लागत नाही. ते नुसते सभोवार असते, आणि माणसाचे मन आपण होऊन कुजबुजू लागते. इंग्रजी भाषेतील भयकथांच्या लेखकांमध्ये हे मर्म अल्जर्नन ब्लॅकवुड ह्याच्याइतके फार थोड्यांना उमगले. त्याची ‘द वेंडिगो’ ही दीर्घकथा (लांबीने ती एखाद्या लहान कादंबरीच्या जवळ जाते) १९१० साली ‘द लॉस्ट व्हॅली अँड अदर स्टोरीज’ ह्या संग्रहात प्रसिद्ध झाली. शतक उलटून गेले, तरी अरण्य आणि मानवी मन ह्यांच्या झटापटीचा विषय निघाला म्हणजे हिचे नाव अजूनही आधी घ्यावे लागते.

लेखकाचे आयुष्य ह्या कथेशी इतके गुंतलेले आहे की त्याच्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. ब्लॅकवुडचा जन्म १४ मार्च १८६९ रोजी केंट परगण्यातील शूटर्स हिल येथे झाला. वडील सर स्टीव्हन्सन आर्थर ब्लॅकवुड हे ब्रिटिश टपालखात्यातील फार मोठे अधिकारी, आणि धर्माच्या बाबतीत अत्यंत कडवे ख्रिस्ती. पाप, सैतान आणि नरक ह्यांची चर्चा घरात रोजची. अशा घरात वाढणाऱ्या ह्या मुलाच्या हाती एके दिवशी पतंजलीच्या योगसूत्रांचे इंग्रजी भाषांतर पडले आणि त्याच्या विचारांची दिशाच पालटली. पुढे त्याने भगवद्गीताही वाचली. एका कडव्या धर्मनिष्ठ इंग्रजाच्या पोटी जन्मलेला हा मुलगा विशीत कॅनडास गेला, तो टोरांटो येथील थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापक सभासदांपैकी एक झाला. ह्याच सोसायटीचे मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट हे १८७९ साली मुंबईत उतरले होते आणि हिंदुस्थानातील तिचे कार्य मुंबईपासून सुरू झाले होते, हे जाणत्या वाचकांस ठाऊक असेलच. ब्लॅकवुडच्या कथांत निसर्गाला जे एक सचेतन, पण माणसाविषयी उदासीन असे रूप येते, त्याच्या मुळाशी हे वाचन आहे.

कॅनडात त्याने दुधाचा धंदा केला, तो बुडाला. खाणावळीवजा हॉटेलात भांडवल घातले, तेही बुडाले. त्यानंतर न्यू यॉर्कला वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून त्याने अत्यंत हालअपेष्टेत दिवस काढले. ह्या सर्व काळात मनाला विसावा मिळे तो अरण्यात. तळ्यांच्या काठी राहुटी ठोकून राहणे, कॅनू नावाच्या हलक्या होडीतून फिरणे, मूस जातीच्या प्रचंड हरणाच्या शिकारीसाठी उत्तरेकडे जाणे हे सारे त्याने स्वतः केले होते. १८९९ साली तो इंग्लंडला परतला, आणि पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले ते १९०६ साली, म्हणजे वयाच्या सदतिसाव्या वर्षी. उतारवयात त्याला आणखी एक कीर्ती लाभली. १९३० नंतरच्या दशकात बीबीसीवरून तो स्वतःच्या आवाजात भयकथा सांगू लागला, आणि नुसत्या आवाजावर श्रोत्यांच्या अंगावर शहारे आणणारा कथेकरी म्हणून घरोघर ओळखला जाऊ लागला. १० डिसेंबर १९५१ रोजी तो वारला.

कथेचे स्थळ रॅट पोर्टेजच्या उत्तरेस आहे. ऑन्टेरिओ प्रांतातील ह्या गावाचे नाव १९०५ सालीच बदलून केनोरा असे झाले होते. कथेत मात्र जुनेच नाव आढळते. ह्या भूभागाची कल्पना सह्याद्रीतील जंगलावरून करता येणार नाही. सह्याद्रीत कितीही दाट रान लागले तरी एका दिवसाच्या चालीत वाडी लागते, देऊळ लागते, निदान गुराख्याची हाळी कानी येते. कॅनडाच्या उत्तर पट्ट्यातील सूचिपर्णी अरण्य सुमारे २७ कोटी हेक्टरांचे आहे. हिंदुस्थानच्या नकाशाचे पाच भाग केले तर त्यांपैकी चार भाग झाकून जातील एवढे. स्प्रूस, पाइन आणि बर्च ह्यांची तीच ती झाडे, त्यांच्यामध्ये तीच ती तळी, आणि शेकडो मैल माणसाचा मागमूस नाही. ह्या सारखेपणातच भयाचे बीज आहे. ज्या प्रदेशात कोणतीही एक जागा दुसऱ्या जागेहून वेगळी दिसत नाही, तेथे ‘आपण कोठे आहोत’ ह्या प्रश्नास उत्तर उरत नाही. आणि ते उत्तर हरवले की ‘आपण कोण आहोत’ हा प्रश्न फार दूर राहात नाही.

ऑक्टोबर महिना. मूसच्या शिकारीला निघालेली एक मंडळी ह्या अरण्यात तळ ठोकून आहे. त्यात डॉक्टर कॅथकार्ट हा ॲबर्डीनचा गृहस्थ असून माणसाच्या मनाचे चमत्कार हा त्याचा अभ्यासाचा विषय आहे. त्याचा पुतण्या सिम्प्सन धर्मोपदेशकाच्या शिक्षणक्रमातला विद्यार्थी. अरण्यात प्रथमच आलेला. हँक डेव्हिस आणि जोसेफ देफागो हे दोघे वाटाडे, आणि स्वयंपाक करणारा पंक नावाचा तेथील मूळ जमातीचा माणूस. त्या वर्षी सावज कोठेच दिसत नाही, तेव्हा दोन तुकड्या कराव्यात असे ठरते. सिम्प्सन आणि देफागो ह्यांनी एका दूरच्या मोठ्या तळ्याकडे जावयाचे. त्या तळ्याचे नाव निघताच देफागोचा चेहरा उतरतो. तो काही बोलत नाही. नको असेही म्हणत नाही. येथपासूनच ब्लॅकवुडचे कौशल्य दिसू लागते. सबंध कथेत देफागोइतके अरण्यावर प्रेम करणारे दुसरे कोणी नाही. तो फ्रेंच वंशाचा, हळव्या मनाचा, गाणी म्हणणारा. शहरात त्याचा जीव गुदमरतो आणि अरण्याची ओढ अधूनमधून त्याला उदासीच्या खोल गर्तेत लोटते. अरण्याची भीती न वाटणारा सिम्प्सन सुखरूप परत येतो, कारण त्याला अरण्य कळलेलेच नाही. ज्याला ते कळले आहे तोच नाहीसा होतो.

दोघे तळे ओलांडून पलीकडे राहुटी ठोकतात. संध्याकाळी शेकोटीजवळ देफागो एकाएकी गाणे थांबवून हवेचा वास घेऊ लागतो. रात्री सिम्प्सनला जाग येते ती देफागोच्या मुसमुसण्याने. पहाटेच्या सुमारास राहुटीबाहेरून, कोठून तरी वरून, एक आवाज देफागोला नावाने हाक मारतो आणि तो झोपेतून उठून बाहेर धावत सुटतो. त्याचा आक्रोश दूर दूर जात विरून जातो. त्यात आपले पाय जळत असल्याचे आणि भयंकर वेगाने, फार उंचावरून आपण जात असल्याचे तो ओरडतो.

ह्यापुढे जो भाग येतो तो ह्या कथेचा कळस. बर्फाचा पातळ थर पडलेला आहे आणि सिम्प्सन एकटा त्यावरील माग काढीत निघतो. मागांच्या दोन ओळी आहेत: एक कोणा प्रचंड प्राण्याची, दुसरी देफागोच्या पावलांची. प्रथम काहीच वावगे दिसत नाही. मग सिम्प्सनच्या ध्यानात येते की मोठ्या पावलांमधील अंतर वाढत चालले आहे. मग ध्यानात येते की देफागोच्या पावलांमधील अंतरही तितकेच वाढले आहे, आणि कोणाही माणसाला एवढी ढांग टाकता येणे शक्य नाही. ह्यानंतर लेखक आणखी थोडे थांबतो आणि मग ती गोष्ट सांगतो: देफागोच्या पावलांचे ठसे हळूहळू आपला आकार बदलीत आहेत. मोठ्या ठशांचीच ती लहान प्रतिकृती होऊ लागली आहे. आणि मग एका ठिकाणी दोन्ही ओळी थांबतात. पुढे स्वच्छ बर्फ पसरलेले आहे. वर झाडांचे शेंडे आणि आकाश.

येथे राक्षस दिसला नाही, रक्तपात झाला नाही, कोणी किंकाळी फोडली नाही. बर्फावरच्या काही खुणा आणि त्या वाचणारा एक तरुण, एवढ्याच सामग्रीवर हा प्रसंग उभा आहे. माणसाचे माणूसपण निघून जाण्याची सारी क्रिया वाचकाला पावलापावलाने, अक्षरशः मोजून दाखविली आहे, आणि ती प्रत्यक्ष कोणीच पाहिलेली नाही. भय दाखवावयाचे नसून वाचकाकडून ते अनुमानाने काढवून घ्यावयाचे असते, हे तत्त्व पुष्कळांनी सांगितले आहे. ते इतक्या काटेकोरपणे अंमलात आणलेले क्वचितच आढळते.

पुढील भाग थोडक्यात असा: सिम्प्सन कसाबसा मुख्य तळावर परत येतो. डॉक्टर सर्व ऐकून घेऊन एकांत, भीती, भ्रम अशी शास्त्रीय कारणपरंपरा लावतो. तिघे मिळून शोधास जातात. रात्री शेकोटीपाशी हँक त्या अरण्यातील वेंडिगोची दंतकथा सांगत असता देफागोसारखा दिसणारा कोणी एक उजेडात येऊन उभा राहतो. त्याचे तोंड देफागोचे, पण आक्रसलेले. आणि त्याची पावले एका क्षणापुरती दृष्टीस पडतात, तेवढ्यात डॉक्टर त्यांवर घोंगडी टाकतो. तो पुन्हा वाऱ्यासारखा नाहीसा होतो. खरा देफागो त्यांना सापडतो तो मुख्य तळावर परतल्यानंतर. पाय हिमाने गेलेले, स्मृती आणि बुद्धी पुसली गेलेली. काही आठवड्यांनी तो मरतो. डॉक्टरच्या स्पष्टीकरणांचे काय होते? ती खोटी ठरत नाहीत. ती केवळ अपुरी पडत जातात, आणि बोलणाऱ्यालाच ती अपुरी वाटत असल्याचे त्याच्या वाढत्या आवाजावरून कळते. सुशिक्षित मनाची ही केविलवाणी धडपड भुतापेक्षाही अधिक लक्षात राहते.

ह्या कथेतील भयाची साधने किती अचूक निवडलेली आहेत हे आजच्या शास्त्राच्या प्रकाशात पाहण्यासारखे आहे. प्रथम वास घ्या. कथेत वेंडिगोची चाहूल नेहमी वासाने लागते. तो वास उग्र, पण सर्वस्वी किळसवाणा नव्हे. सिंहाच्या अंगाच्या वासाची आठवण करून देणारा, आणि त्यात कुजलेली पाने, माती व अरण्याचे अगणित गंध मिसळलेले. दृष्टी आणि श्रवण ह्यांच्या संवेदना मेंदूतील थॅलॅमस नावाच्या केंद्रातून पुढे जातात. गंधाची संवेदना मात्र ह्या केंद्रात न थांबता भय आणि स्मृती ह्यांच्याशी संबंध असलेल्या भागांपर्यंत जाऊन पोहोचते. म्हणूनच वासाने जागी झालेली भीती विचाराच्या आधी येते. १९१० साली ह्या रचनेचा उलगडा झालेला नव्हता. परंतु राहुटीत रात्री काढलेल्या लेखकाला तिचा अनुभव होता.

दुसरे साधन दिशाभूल. रानात ओळखीच्या वाटेवरही माणूस रात्रभर फिरत राहतो आणि पहाटे पुन्हा निघाल्या जागी येतो, ह्याला कोकणात आणि देशावर ‘चकवा लागणे’ म्हणतात. त्याची शहानिशा २००९ साली जर्मनीत एका प्रयोगाने झाली. ट्यूबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेतील यान सौमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बीनवाल्ड नावाच्या मोठ्या सपाट अरण्यात सहा माणसांना सरळ रेषेत कित्येक तास चालण्यास सांगितले आणि उपग्रहाच्या साहाय्याने त्यांची वाट नोंदविली. ज्या दोघांना सूर्य दिसत होता ते बहुतेक सरळ गेले. आभाळ भरलेल्या दिवशी चाललेल्या चौघांनी मात्र वर्तुळे घातली, आणि आपण आपलीच वाट पुन्हा ओलांडीत आहोत ह्याचा त्यांपैकी तिघांना पत्ताही लागला नाही. तात्पर्य, चकवा बाहेर नसतो. बाहेरची खूण नाहीशी झाली की शरीराचा तोल बारीक बारीक चुका करीत जातो आणि त्या साठून वर्तुळ होते. सिम्प्सनची स्थिती हीच आहे. त्याच्याजवळ होकायंत्र आहे म्हणून तो वाचतो.

तिसरे साधन नावाने मारलेली हाक. रात्री बाहेरून नावाने हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, दोन-तीन हाका होऊ द्याव्यात, असे म्हाताऱ्याकोताऱ्या माणसांचे सांगणे असे, आणि बंगालात ‘निशी’च्या हाकेविषयी हीच समजूत आहे. आपले नाव ही माणसाची सर्वांत जवळची वस्तू. ती अपरिचित तोंडी सापडावी ह्यात जो धसका आहे तो सर्व देशांत सारखाच.

येथवर ब्लॅकवुडची वाखाणणी झाली. आता दुसरी बाजू पाहिली पाहिजे, कारण ह्या कथेत एक फार मोठी वस्तू गाळली गेलेली आहे, आणि ती आहे भूक.

वेंडिगो हे ब्लॅकवुडच्या कल्पनेतून निघालेले नाव नव्हे. ओजिब्वे, क्री आणि त्यांच्याशी भाषेने जोडलेल्या इतर जमातींमध्ये विंडिगो, वीतिको अशा नावांनी ह्या पिशाचाची समजूत फार पूर्वीपासून आहे. बेसिल जॉन्स्टन ह्या ओजिब्वे विद्वानाने आपल्या लोकांच्या श्रद्धांवर लिहिताना ह्याचे जे रूप वर्णिले आहे ते असे: हाडांचा सापळा, वाळलेली कातडी, खोल गेलेले डोळे, तो माणसे खातो, आणि जितके खातो तितका वाढतो, म्हणून त्याचे पोट कधीच भरत नाही. मराठीत ‘भस्म्या’ नावाच्या रोगाची कल्पना आहे, त्या भस्म्यालाच देह मिळाला असे समजावे. आणि मुख्य गोष्ट म्हणजे हा विंडिगो कोठून तरी बाहेरून येतोच असे नाही. उपासमारीच्या हिवाळ्यात ज्याने माणसाचे मांस खाल्ले, किंवा ज्याच्या मनात ती वासना शिरली, तो माणूसच विंडिगो होतो. घरातला भाऊ, बाप, सून, कोणीही.

ह्या समजुतीच्या पाठीशी खरीखुरी उपासमार होती. उत्तरेकडील बर्फाळ अरण्यात सशांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या फेऱ्याने वाढते आणि कोसळते. ती कोसळली की त्यांवर जगणारी माणसेही संकटात येत. १६७० साली स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीच्या काळात कातड्यांचा व्यापार वाढला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुष्कळ भागांतील सावज विरळ झाले, आणि हिवाळे अधिक कठीण झाले. १८७८-७९ च्या हिवाळ्यात स्विफ्ट रनर नावाच्या एका क्री माणसाने आपली बायको आणि मुले मारून खाल्ली. २० डिसेंबर १८७९ रोजी फोर्ट सॅस्कॅचेवान येथे त्याला फाशी देण्यात आले. कंपनीच्या ज्या ठाण्यात धान्य मिळाले असते ते सुमारे पंचवीस मैलांवर होते, ही गोष्ट तेव्हापासून सर्वांना कोड्यात टाकीत आली आहे. भूक मनाचे काय करते ह्याचे मोजमाप पुढे १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात झाले. अन्सेल कीझ ह्या शास्त्रज्ञाने छत्तीस धडधाकट स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. ती माणसे अन्नावाचून दुसरा विचार करीनाशी झाली, चिडखोर आणि एकलकोंडी झाली, पाककृतींची पुस्तके वाचीत बसू लागली. एकाने तर कुऱ्हाडीने स्वतःच्या हाताची बोटे तोडून घेतली. हे सुरक्षित इमारतीत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सुटकेचा दिवस ठाऊक असताना घडले.

आता ब्लॅकवुडची कथा प्रसिद्ध होण्याच्या तीनच वर्षे आधीची एक हकीकत. ऑन्टेरिओच्या वायव्येस, त्याच अरण्यपट्ट्यात, सकर कुळाचा नायक जॅक फिडलर राहात असे. तो वृद्ध होता, मांत्रिक म्हणून त्याचा दबदबा होता, आणि आपण आयुष्यात चौदा विंडिगोंचा पाडाव केला असे तो सांगे. ह्याचा अर्थ दरवेळी राक्षसाशी झुंज असा नव्हे. असाध्य आजाराने भ्रमिष्ट झालेल्या माणसाला, तो विंडिगो होण्यापूर्वी, त्याच्याच आप्तांच्या विनंतीवरून मरण देणे असाही होता. कधी आजारी मनुष्य स्वतःच तशी विनवणी करी. अन्न संपल्यामुळे एका प्रवासात त्याच्या स्वतःच्या भावाचाही असाच शेवट करावा लागला होता. १९०६ साली जॅक आणि त्याचा भाऊ जोसेफ ह्यांनी जोसेफच्या सुनेला, ती दुखण्याने तळमळत असता, ह्याच रिवाजाने मारले. १९०७ साली घोडेस्वार पोलिसांनी दोघांना पकडून खुनाचा आरोप ठेवला. ३० सप्टेंबर १९०७ रोजी जॅक पहाऱ्यातून निसटला आणि त्याने अरण्यात स्वतःला फास लावून घेतला. जोसेफवर नॉर्वे हाउस येथे खटला चालून फाशीची शिक्षा झाली. ती पुढे जन्मठेपेवर आली. त्याच्या वतीने अर्जविनंत्या होत राहिल्या आणि अखेर सुटकेचा हुकूम निघाला. तो पोहोचला १९०९ साली, जोसेफ तुरुंगात मरण पावल्यानंतर तीन दिवसांनी.

ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे कथेतील पोकळी दिसू लागते. ब्लॅकवुडचा वेंडिगो माणसे खात नाही. शेकोटीपाशी त्याचे जे वर्णन येते त्यानुसार तो शेवाळ खातो! नरभक्षकाचा असा शाकाहारी झालेला पाहून मूळ कथा जाणणाऱ्यास हसू आले तर नवल नाही. पण ह्या बदलाला लेखकाच्या दृष्टीने अर्थ आहे. त्याला उपासमारीचे भय रंगवावयाचेच नव्हते. त्याच्या शिकारी मंडळीकडे पीठ आहे, डुकराचे मांस आहे, चहा आहे; मूस मिळाला नाही तर हिरमोड होईल, पोट मारावे लागणार नाही. शहरातून मौजेखातर आलेल्या माणसाला अरण्यात जे भय वाटते ते अफाटपणाचे: एवढ्या मोठ्या विस्तारात आपण कोणाच्या खिजगणतीत नाही ह्या जाणिवेचे, आणि त्या जाणिवेतच असलेल्या विलक्षण आकर्षणाचे. ते भय त्याने अपूर्व रीतीने शब्दांत पकडले. अरण्यातच जन्मणाऱ्या आणि मरणाऱ्या लोकांना अफाटपणाचे भय वाटत नसे. ते त्यांचे घर होते. त्यांना भय वाटे ते घरातल्याच माणसाचे, सरत्या हिवाळ्यात, पिशवीतले शेवटचे वाळलेले मांस संपल्यावर. दोन्ही भये मनाचीच आहेत. पण पहिल्यात माणूस अरण्यात विरघळून जाण्यास भितो, आणि दुसऱ्यात शेजाऱ्याला अन्न समजू लागण्यास. दुसरे भय अधिक गंभीर आहे, हे मान्य केले पाहिजे.

पंक ह्या पात्राकडे ह्या दृष्टीने पाहावे. त्याला कथेत सर्वांत थोडे शब्द मिळालेले आहेत. आरंभीच एका रात्री सर्व निजल्यावर तो तळ्याच्या काठाशी जाऊन वाऱ्याचा वास घेतो आणि न बोलता परत येतो. शेवटी तोच वास तळावर आल्यावर तो सर्व टाकून, तीन दिवसांची वाट तुडवीत, आपल्या लोकांकडे निघून जातो. डॉक्टरजवळ मानसशास्त्र आहे, सिम्प्सनजवळ धर्मशास्त्र आहे, हँकजवळ शिव्या आहेत. ज्ञान आहे ते पंकजवळ, आणि त्याला कोणी विचारीत नाही. लेखकाने हे जाणूनबुजून केले असेल तर ती त्याची सूक्ष्म उपरोधबुद्धी. नसेल तर त्या काळाच्या दृष्टीचा तो नमुना. वाचताना कधी एक वाटते, कधी दुसरे.

शास्त्रानेही पंकला लवकर विचारले असे नाही. १९३० नंतरच्या दशकापासून मानववंशशास्त्रज्ञांनी ‘विंडिगो-भ्रम’ असा एक मनोविकारच ठरवून टाकला आणि पाठ्यपुस्तकांतून तो ह्या जमातींचा खास रोग म्हणून शिकविला जाऊ लागला. १९८२ साली लू मॅरानो ह्या संशोधकाने जुन्या नोंदी तपासून त्यावर जोरदार आक्षेप घेतला. माणसे खाण्याच्या वासनेने पछाडलेल्या रोग्याचे विश्वसनीय, प्रत्यक्ष पाहिलेले असे उदाहरण नोंदींत सापडत नाही. सापडतात ती उपासमारीच्या भीतीखाली कोणा दुबळ्या, आजारी वा नकोशा झालेल्या माणसावर ‘हा विंडिगो होत आहे’ असा ठपका ठेवल्याची उदाहरणे, असे त्याचे म्हणणे. हे मत सर्वांनीच स्वीकारले असे नाही. तथापि ते वाचल्यावर फिडलर बंधूंच्या खटल्याकडे, आणि चेटकीण ठरवून बायकांना मारल्याच्या हिंदुस्थानातील हकीकतींकडेही, नव्या नजरेने पाहणे भाग पडते.

मराठी वाचकाने ही कथा मुळातून वाचावयाची झाल्यास तिच्याआधी ब्लॅकवुडचीच १९०७ सालची ‘द विलोज’ वाचावी. डॅन्यूब नदीच्या पुरात, वाळुंजाच्या झुडपांनी भरलेल्या एका बेटावर अडकलेले दोन प्रवासी एवढाच तिचा विषय. एच. पी. लव्हक्राफ्ट ह्या विख्यात भयकथालेखकाने ती ब्लॅकवुडची सर्वश्रेष्ठ कथा मानली, आणि घाटाच्या बांधेसूदपणात ती ‘वेंडिगो’हून सरस आहे ह्यात संशय नाही, ‘वेंडिगो’चा उत्तरार्ध थोडा बोलका झाला आहे आणि शेकोटीचा प्रसंग बर्फावरच्या ठशांइतका उतरत नाही. लेखक १९५१ साली वारला असल्यामुळे हिंदुस्थानच्या कायद्याप्रमाणे त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ह्या दोन्ही कथांवरील लेखाधिकार २०११ च्या अखेरीस संपला. त्या मराठीत आणावयाच्या असल्यास आता कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही. मात्र भाषांतरकाराने ‘वेंडिगो’ला पिशाच, राक्षस किंवा वेताळ असे नाव देण्याचा मोह टाळावा. वेताळाला मंदिर असते आणि त्याला नैवेद्य पोहोचतो. वेंडिगोचे पोट कोणत्याही नैवेद्याने भरत नाही.